तीन गोळ्यांचा रिपोर्ट

अणदूर, ता. तुळजापूर
२४ मे २०२५

साजिद,

वर 'प्रिय' लिहिलं न्हाय, ते मुद्दाम. आठ दिवस झाले, तू फोन उचलत न्हायस. म्हणून हे स्पीड पोस्टानं धाडतोय. पोस्टमन तुझी सही घेतल्याबिगर हलणार न्हाय.

काय झालं ते तुझ्या कानावर आलं असंलच. तरी लिहितो, म्हंजी 'मला ठाऊकच नव्हतं' म्हणायला तुला जागा उरू नये. सतरा तारखेला सकाळी शिवांजलीला हळदीला बसवली. दारात मांडव, ढोकीची, नवऱ्या मुलाकडची पाव्हणी मंडळी चहा घेत बसलेली. चार बायकांची हळद लावून झाली आन् ही म्हणाली, "दादा, श्वास घेता येईना." बायका म्हणाल्या, उपाशी हाय, घेरी आली असंल. म्या तिला आडवी केली, तर ती उठून बसायला धडपडायली. मग तोंडातून गुलाबी फेस आला. माझ्या सख्ख्या बहिणीच्या हळदीच्या साडीवर तो फेस म्या बघितलाय, साजिद. जीपमध्ये टाकून सोलापूर गाठलं. वाटंत तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

तिथल्या डॉक्टरानं लगेच टूडी इको केला. म्हणाला, "झडपेची गळती सिव्हिअर आहे. फुप्फुसात पाणी भरलंय. इतके दिवस काय करत होता?" म्या तुझा फेब्रुवारीचा रिपोर्ट काढून दिला. त्यात 'मॉडरेट' लिहिलंय. त्यानं तो दोनदा वाचला आन् विचारलं, "हा कुणी केला?"

काय सांगू त्याला? माझ्यासंगं एका बाकावर बसलेल्या दोस्तानं केला म्हणू? डिसेंबरात सिव्हिअर, फेब्रुवारीत मॉडरेट, मे महिन्यात परत सिव्हिअर. तुझ्या त्या मॉडरेटवर तुमच्या डॉक्टरानं ऑपरेशन पुढं ढकललं. "गोळ्यांनी गुण आलाय, सहा महिन्यांनी बघू" म्हणाला. त्याच्यावर भरवसा ठेवून आमी लग्नाची तारीख काढली.

लग्न थांबलंय. पोरगी आठ दिवस आयसीयूत हाय. आई जेवत न्हाय. तिला काय झालं तर आधी तुला ग्राहक मंचात खेचीन आन् मग हातानं बघीन.

श्रीनाथ

*

धाराशिव
२९ मे २०२५

श्रीनाथ,

पत्र मिळालं. सही करूनच घेतलं.

तुझा नंबर बंद केला, कबूल. कारण फोनवर तू मला नव्हे, माझ्या अम्मीला शिव्या दिल्यास. जिनं तुला दहावीच्या परीक्षेला पंधरा दिवस आमच्या घरी ठेवून घेतलं, तिला. ते मी विसरणार नाही.

आता कामाचं. मी डॉक्टर नाही. मी इको काढणारा टेक्निशियन आहे. छातीवर प्रोब ठेवतो, पडद्यावर रक्त कुठून कुठं जातं ते दिसतं, ते मोजतो, लिहितो. सही डॉक्टरांची असते. फेब्रुवारीत पडद्यावर जे दिसलं तेच मी मोजलं. त्या दिवशी गळती मॉडरेटच दिसत होती. मशीनला तुझी बहीण आणि परकी बाई यांत फरक कळत नाही.

पण मशीनला आणखी एक गोष्ट कळत नाही, गळती खरंच कमी झालीय की गोळीनं तेवढ्यापुरती कमी दिसतेय ती. हे मी तुला डिसेंबरात सांगितलं होतं. नळदुर्गच्या ढाब्यावर चहा पिताना तू विचारलंस, "ही गोळी नेमकी करती काय?" मी म्हटलं, मोटारीची झडप फुटकी असली की निम्मं पाणी मागं विहिरीत पडतं. पुढची पाइपलाइन चोंदलेली असली तर आणखी मागं पडतं. पुढची वाट मोकळी केली की पाणी पुढं पळतं, मागं कमी येतं. गोळी रक्तवाहिन्या सैल करते, पुढची वाट मोकळी करते. झडप मात्र फुटकीच राहते. गोळीचा असर किती होतो ते बघायलाच डॉक्टरांनी दोन महिन्यांनी पुन्हा इको सांगितला होता.

म्हणून आता तुला एकच विचारतो. वीस फेब्रुवारीला घरून निघताना शिवांजलीनं नेहमीचीच गोळी घेतली होती का? की जास्त?

आणि आणखी एक. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "चालताना दम लागतो का?" उत्तर कुणी दिलं, आठवतं? ऑपरेशन माझ्या एका कागदावर पुढं गेलं नाही. तुझ्या त्या उत्तरावरही गेलं.

ती बरी व्हावी, एवढी दुआ रोज करतोय. तुझ्यासाठी नाही. तिच्यासाठी.

साजिद

*

अणदूर
४ जून २०२५

साजिद,

वा रे वा! चोर तो चोर आन् वर शिरजोर.

पोरगी मरता मरता वाचली, आन् तू मलाच सवाल टाकतोस? म्हणं गोळी जास्त घेतली का. म्या काय डॉक्टर हाय का? तीन गोळ्या म्या दिल्या असं तुला कुणी सांगितलं? कोण साक्षीला हाय? चिठ्ठीवर जे लिहिलं होतं, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी, तसंच आमी देत होतो.

आन् समज, दिली असती एखादी जास्त, तरी तुझं काम काय होतं? तू तिथं पगार कशाचा घेतोस? माणूस पुढ्यात निजलंय, त्याचा हात थंड हाय का गरम, तुला कळत न्हाय? बटनं दाबायला कुणीबी बसंल.

आन् दम लागतो का, ह्याचं उत्तर म्या दिलं, व्हय. घरचा कर्ता म्या हाय. बाप गेल्यापासून तिची फी, तिचं कॉलेज, तिचं दवाखानं, समदं म्या केलं. वर्षभरात चार स्थळं आली. तीन झडपेचं ऐकून गेली. हे चौथं. कारखान्यात केमिस्ट, माणसं चांगली, पोरगा निर्व्यसनी. त्यांनी एवढंच म्हणलं, रिपोर्ट दाखवा. छातीवर इथून तिथवर टाके घातलेली पोरगी कोण पदरात घेणार? म्या म्हणलं, एकदा लग्न होऊ दे, मग ऑपरेशन करू, जावई बी संगं असंल. ह्याच्यात माझं काय चुकलं ते सांग.

परत असलं पत्र धाडू नकोस. आईच्या हातात पडलं असतं.

श्रीनाथ

*

नळदुर्ग
१२ जून २०२५

दादा आणि साजिदभाई,

हे एकच पत्र आहे, दोन प्रती करून दोघांना पाठवते. वेगवेगळं लिहिलं असतं तर तुम्ही पुन्हा एकमेकांना दोष दिला असता.

परवा हॉस्पिटलमधून सोडलं. धुरपदा आत्याकडं आले आहे. अणदूरला येणार नाही. साजिदभाईंनी तुमच्या पत्रांचे फोटो मला फोनवर पाठवले आणि खाली लिहिलं, 'खरं काय ते तू सांग.' आजार कळल्यापासून दोन वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. म्हणून सांगते.

दादा, साजिदभाईंनी विचारलं होतं की गोळी जास्त घेतली का. तीनचा आकडा त्यांच्या पत्रात कुठंच नाही. तो तुझ्या पत्रात आला. साक्षीला कोण आहे म्हणतोस? मी आहे. गिळल्या मी.

वीस फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता तू पाण्याचा तांब्या आणि तीन अख्ख्या गोळ्या घेऊन आलास. मी म्हटलं, "अर्धी असते ना?" तू म्हणालास, "आज इको हाय. साजिदच म्हणला, ह्यानं गळती कमी दिसती. घे, लग्नाचा सवाल हाय." मी घेतल्या. एसटीत माझ्या डोळ्यांपुढं काळं झालं. खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून मी धाराशिवपर्यंत गेले. तू पुढच्या सीटवर होतास. एकदा वळून बघितलंस आणि म्हणालास, "झोप, झोप."

साजिदभाई, आता तुमचं. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. प्रोब लावायच्या आधी तुम्ही माझं बीपी बघितलं होतं. चौऱ्यांशी-पन्नास. तुम्ही तो आकडा मोठ्यानं म्हणालात, म्हणून माझ्या लक्षात आहे. मी म्हटलं, "मला गरगरतंय." तुम्ही दादाकडं बघितलंत. दादा म्हणाला, "उपाशी हाय, प्रवास झालाय." तुम्ही मला साखरेचं पाणी दिलंत आणि म्हणालात, "पाच मिनिटांचं काम आहे, डाव्या कुशीवर वळ." रिपोर्टात तो आकडा मी चार वेळा शोधला. कुठंच नाही. पडद्यावर दिसलं तेच लिहिलं म्हणता. कानांनी ऐकलं ते का नाही लिहिलं? बाहेर तुम्ही दोघं चहा पीत हसत होतात. मी बाकावर डोकं खाली घालून बसले होते.

मग डॉक्टरांनी विचारलं. मला विचारलं, माझ्याकडं बघून. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "न्हाय सायेब, घरचं समदं काम करती, दम-बिम काय न्हाय." दादा, ग्रामपंचायतीच्या पाच पायऱ्या चढून मी कॉम्प्युटरपर्यंत जाते तेव्हा पहिला दाखला काढायला मला दहा मिनिटं लागतात. समोरचा माणूस समजतो, मशीन चालू होतंय. मी श्वास जुळवत असते. रात्री मी तीन उशा घेऊन, जवळजवळ बसून झोपत होते. आईला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं, कारण तू कधी विचारलं नाहीस.

मी का बोलले नाही, हे तुम्ही म्हणाल त्याआधी मीच म्हणते. बोलायला हवं होतं. पंचवीस वर्षांची आहे, पदवीधर आहे, गावच्या निम्म्या लोकांचे अर्ज मी भरते. पण 'छातीवर वण असलेली पोरगी कोण करणार' हे मी घरात इतक्या वेळा ऐकलं की एका दिवशी तो प्रश्न मलाच पडायला लागला. त्याबद्दल मला तुमच्याइतकाच माझाही राग येतो.

तुम्ही दोघांनी तीन पत्रं लिहिलीत. त्यात चूक कुणाची, हे पानोपानी आहे. शिवांजली आता काय म्हणते, हे एका ओळीत नाही. माझं काळीज म्हणजे तुमच्या दोघांच्या बांधावरचं झाड आहे का?

ज्यांच्याशी माझं लग्न ठरलं होतं ते ढोकीचे समर्थ मला भेटायला हॉस्पिटलात आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. तीन गोळ्यांसकट. ते म्हणाले, "ऑपरेशन होऊ दे, मग बघू." वाईट माणूस नाही तो. पण अंगठी मीच काढून त्यांच्या हातात दिली. जो माणूस 'मग बघू' म्हणतो, त्याच्यासाठी मी चार महिने मरणाच्या दारात काढले, हे मला तिथंच कळलं.

चोवीस जूनला सोलापूरला ऑपरेशन आहे. सरकारी योजनेत बसलंय, कागदपत्रं मीच केली. संमतीच्या कागदावर सही माझी आहे. सोबत आत्या असेल. तुम्ही दोघंही येऊ नका. आलात तर मी सिस्टरला सांगून बाहेर काढायला लावीन.

शिवांजली

*

धाराशिव
१७ जून २०२५

शिवांजली,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. बीपी चौऱ्यांशी-पन्नास होतं. माझ्या रजिस्टरमध्ये ते अजून आहे. रिपोर्टात मी ते घातलं नाही.

का, ते सांगतो. माफीसाठी नाही. आकडा बघताच मला कळलं होतं की हिनं काहीतरी जास्त घेतलंय. इतकं खाली गेलेलं बीपी असताना गळती मोजली की ती खोटी कमी दिसते, हे मी शिकलोय, दुसऱ्यांना शिकवलंय. त्या दिवशी इको थांबवून 'पुढच्या आठवड्यात या' म्हणायला हवं होतं. श्रीनाथनं माझ्याकडं बघून मान हलवली. तो शब्दानं काही बोलला नाही. मीही नाही. त्यानं सांगितलं होतं की लग्न ठरतंय. मला वाटलं, दोस्ताच्या घरचं शुभकार्य आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघूच. पुढच्या वेळी नीट मोजू. तुझ्या छातीवर प्रोब ठेवून मी तुझ्याबद्दल विचारच केला नाही. त्याच्याबद्दल केला. आणि त्याला लिहिताना मशीनच्या आड लपलो.

काल सकाळी रजिस्टर घेऊन डॉक्टरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते आधी विश्वास ठेवीनात. मग इतके ओरडले की बाहेरचे पेशंट उभे राहिले. "माझ्या सहीखाली तू दोस्ती निभावलीस?" म्हणाले. मी एवढंच म्हटलं, "साहेब, कामावरून काढा, पण आधी जुने रिपोर्ट बघू द्या." गळक्या झडपेवर हीच गोळी चालू असलेले एकेचाळीस पेशंट आहेत. त्यांतल्या एकोणीस जणांच्या रिपोर्टात बीपी नाही. गोळी किती आणि किती वाजता घेतली, तेही नाही. त्यांत लबाडी नव्हती, नुसती घाई होती. पण कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. त्या एकोणीस जणांना मी फोन करतोय. कुणी शिव्या घालतं, कुणी विचारतं, "पुन्हा पैसे लागतील का?" नाही लागणार, ते मी बघतो.

चोवीस तारखेला येणार नाही. तू नको म्हणालीस. अम्मी म्हणते, तिला तरी येऊ दे. तू हो म्हणालीस तरच.

साजिद

*

अणदूर
९ जुलै २०२५

शिवा,

तू बोलत न्हायस. आत्याच्या फोनवर केला तर "निजलीय" म्हणते. म्हणून लिहितो.

चोवीस तारखेला म्या आलो होतो. आत न्हाय आलो. हॉस्पिटलच्या समोर, रस्त्याच्या पल्याड रसवंती हाय, तिथं सकाळी सातपासून उभा होतो. दुपारी सकिनाबी चाची बाहेर आल्या, साजिदची आई. त्यांनी मला बघितलं. वाटलं, आता तोंडात मारतील. म्या त्यांना फोनवर काय बोललो होतो ते माझं मला माहीत. त्या म्हणल्या, "निकली बाहर. साँस चल रही है. कुछ खाया तूने?" मला रडू बी आलं आन् संताप बी आला. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग आईनं सर्जनचं सांगितलं. आत झडपेचा एक दोर तुटलेला निघाला. शिवून भागंना, म्हणून काढून धातूची बसवली. आईनं विचारलं, "आधी आणली असती तर?" तो म्हणाला, "कदाचित तुमचीच झडप शिवता आली असती. खात्रीनं सांगता येत नाही." आता जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी, सारखी रक्ताची तपासणी, आन् पुढं मूलबाळ व्हायच्या येळी जोखीम. ते 'कदाचित' माझ्या डोक्यातून जाईना, शिवा. त्यानं सरळ 'व्हय' म्हणलं असतं तर एकदाच मेलो असतो.

साजिदला कामावरून काढलं. मला आधी बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. मग दोन दिवसांनी धाराशिवला त्याच्या डॉक्टरांकडं गेलो. लिहून दिलं की गोळ्या म्या दिल्या, दम लागत न्हाय असं खोटं म्या सांगितलं, साजिदला मान हलवून गप्प म्या केलं. डॉक्टर कागद वाचून म्हणाले, "हे आता आणून काय उपयोग?" म्या म्हणलं, "तुमी बी तिला परत एकदा विचारलं असतं तर?" त्यांचं तोंड लाल झालं. म्हणाले, "बाहेर व्हा." झालो. पण खोटं न्हाय बोललो तिथं.

आई तुझ्याकडंच हाय, घर सुनं पडलंय. माफ कर म्हणायला तोंड न्हाय. राग काढायचा असंल तर माझ्यावर काढ, आईवर नको.

दादा

*

नळदुर्ग
१२ ऑक्टोबर २०२५

दादा,

तीन महिने उत्तर दिलं नाही. आज देते, याचा अर्थ राग गेला असा घेऊ नकोस.

साजिदभाईंना सोलापूरला काम मिळालंय. पगार कमी आहे. त्या एकोणीस जणांत चार रिपोर्ट चुकीचे निघाले. त्यांतल्या एकाचं, बेंबळीच्या गुंडाप्पा नावाच्या म्हाताऱ्याचं, मागच्या महिन्यात ऑपरेशन झालं. तो वाचला, हे मला साजिदभाईंनी कळवलं. मी त्यांना उत्तर लिहिलं, 'बरं झालं.' याहून जास्त लिहायला हात वळला नाही.

आई म्हणते, घरी चल. मी येणार नाही. इथल्या नगरपरिषदेच्या सेवा केंद्रात कॉम्प्युटरचं काम मिळालंय. आत्याच्या घराजवळ एक खोली बघितली आहे. येत्या रविवारी माझी पुस्तकं, कपाट आणि शिलाई मशीन टेम्पोनं पाठव. तू टेम्पोसोबत आलास तर सामान उतरवून घेईन, चहाही देईन. बसून बोलायला मात्र मला अजून वेळ लागेल. किती, ते मला माहीत नाही.

हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. डॉक्टरांनी आता चढ चढायला परवानगी दिली आहे. काल आत्याला घेऊन किल्ल्यात गेले. आत्या खालीच बसली, मी एकटी उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या चढायला लागले. दहा पायऱ्या झाल्या की थांबायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. दहाव्या पायरीवर आपोआप थांबले, भिंतीला हात टेकवला. आणि लक्षात आलं की कशासाठी थांबलेय तेच मला माहीत नाही. दम लागलाच नव्हता. पुढं चढत गेले. विसाव्याला थांबले नाही, चाळिसाव्याला थांबले नाही. वर पोचले तेव्हा घाम आला होता, पाय दुखत होते, श्वास जोरात चालला होता, पण छातीत पुरत होता.

वर कॉलेजची पोरं-पोरी फोटो काढत होती. एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "चढताना कसला दम लागला ग!" आणि खिदळत पळाली.

दादा, मी तिथं तोफेच्या कट्ट्यावर बसले आणि इतकी रडले की ती पोरगी परत येऊन मला पाणी द्यायला लागली. खाली उतरून आत्याला सांगितलं, तर तिला वाटलं, सुखानं रडले असेन. मी संतापानं रडले. सगळी माणसं अशी चढतात, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. ही एवढीशी गोष्ट आहे, आणि ती तुम्ही सगळ्यांनी मिळून पुढच्या मुहूर्तावर ढकलली होती.

शिवांजली